चेक इंजिनचा दिवा: कोड म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१४ सालची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किलोमीटर धावलेली. रोजची फेरी कोल्हापुरात कळंब्याहून शिरोली एमआयडीसीपर्यंत आणि परत. गेले आठ महिने चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आहे. स्कॅनरवर दर वेळी पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड येतो आणि गेल्या तीन महिन्यांपासून त्याच्या जोडीला पी ०४२० (धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर कमजोर) येऊ लागला आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ झाली. प्रत्येक वेळी कोड पुसला की दिवा चार-आठ दिवस गप्प राहतो आणि पुन्हा उजळतो. ॲव्हरेज १७ वरून १४ वर आले आहे. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल असे आपल्याला सांगण्यात आले आहे आणि खर्चाचा आकडा ऐकून आपण थांबला आहात.

थांबलात ते बरे केलेत. उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे आणि इंजेक्शनचे काम करताना मला जवळजवळ तीस वर्षे झाली, आणि पी ०१७१ कायम असताना पी ०४२० साठी कन्व्हर्टर बदललेल्या गाड्या पुन्हा त्याच दिव्यासह परत आलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आपल्या पत्रात एक वाक्य आपण सहज लिहून गेला आहात, पण माझ्या दृष्टीने सगळे प्रकरण त्या वाक्यात आहे: काढलेले जुने प्लग काळे, काजळी धरलेले होते. त्याकडे मी वळतोच. तत्पूर्वी दिवा कसा विचार करतो ते समजून घेतले, तर पुढचे सारे सोपे जाईल.

बहुतेक दोषांच्या बाबतीत हा दिवा पहिल्याच चुकीला लागत नाही. गाडी सुरू करून, गरम होऊन, काही अंतर चालून बंद होणे हा एक फेरा मानला, तर सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच इंजिनाचा संगणक दिवा लावतो. उलट, दोष न दिसता सलग तीन फेरे पार पडले तर दिवा आपोआप विझतो. मात्र कोड स्मरणात राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन थंड होऊन पुन्हा गरम झाल्यावरच पुसला जातो. त्याखेरीज कोड पुसताना संगणकाने आजवर शिकलेली पेट्रोलची दुरुस्तीही शून्यावर येते आणि ती पुन्हा मर्यादेपर्यंत चढायला काही दिवस लागतात. आपला दिवा चार-आठ दिवसांनी परत का येतो, याचे कारण एवढेच. मधल्या काळात गाडी बरी झालेली नसते. ताप मोजून झाल्यावर थर्मामीटर झटकला म्हणून रोग्याचा ताप उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

कोड पुसण्यात आणखी एक तोटा आहे. दोष नोंदवला गेला त्या क्षणाचे चित्र, म्हणजे तेव्हा इंजिनाचे आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती, पाण्याचे तापमान किती, भार किती, हे संगणक जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही जाते. कोल्हापुरातल्या बहुतेक गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर कोड वाचणे आणि पुसणे या दोन क्रिया एका दमात होतात. मधले पान कोणी उघडत नाही. आपण या वेळी ते पान उघडायला लावून त्याचा फोटो पाठवलात, याबद्दल आपले आभार. त्यात वेग शून्य, आरपीएम ७६० आणि पाण्याचे तापमान ८८ अंश दिसते. म्हणजे दोष नोंदवला गेला तेव्हा गाडी पूर्ण गरम होऊन कुठल्यातरी सिग्नलला उभी होती.

दिवा स्थिर लागतो की लुकलुकतो, हे आपण लिहिलेले नाही. स्थिर असेल असे गृहीत धरून मी पुढे लिहितो. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन इतके मिसिंग करत आहे (सिलिंडर मधूनमधून पेटत नाहीत) की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पायाचा जोर काढून गाडी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. गगनबावड्याचा बेत त्या दिवशी रद्द करावा.

आता कोडांकडे. कोड हा सुट्या भागाचे नाव सांगत नाही. कोणती मोजणी ठरलेल्या हद्दीबाहेर गेली, एवढेच तो सांगतो. पी ०१७१ चा अर्थ असा की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला धुरात अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन सापडतो आहे, त्यावरून संगणक ‘मिश्रणात पेट्रोल कमी पडते’ असा निष्कर्ष काढतो, इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून पेट्रोल वाढवतो, आणि वाढवता वाढवता त्याची मर्यादा संपते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. संगणकाची सगळी धडपड त्या प्रमाणाच्या आसपास राहण्याची असते. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरची रेषा पुढच्या सेन्सरसारखीच वरखाली होऊ लागली आहे. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागची रेषा जवळजवळ सपाट राहते.

पहिल्या कोडाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यावर विश्वास ठेवू नये, हा माझा नियम आहे. मिश्रणच बिघडलेले असताना कन्व्हर्टरची परीक्षा घेणे म्हणजे ताप असलेल्या मुलाला गणिताच्या पेपरला बसवणे.

आपल्या फोटोत आणखी दोन आकडे आहेत, आणि ते मोलाचे आहेत. फ्यूल ट्रिम या नावाने संगणक आपली दुरुस्ती टक्क्यांत दाखवतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन ओळी असतात आणि दोघींची बेरीज पाहायची असते. आकडा अधिक असेल तर पेट्रोल वाढवले जात आहे, उणे असेल तर कमी केले जात आहे. निरोगी गाडीत बेरीज साधारण उणे ५ ते अधिक ५ च्या दरम्यान राहते, जुन्या गाडीत १० पर्यंतही मी चालवून घेतो. आपल्या गाडीत स्लोवर (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना) दीर्घकालीन अधिक १९ आणि अल्पकालीन अधिक ४, म्हणजे एकूण २३ आहे. २५०० आरपीएमला पाहिलेल्या चालू आकड्यांत मात्र बेरीज ७ वर येते. स्लोवर मोठा दोष आणि रेस दिल्यावर तो विरघळतो, हा आकृतिबंध लक्षात ठेवा.

आधी त्या ७ चा हिशेब लावून टाकू, कारण त्यावरून पुष्कळ गैरसमज आहेत. २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्याला जळण्यासाठी केवळ ९ पट हवा लागते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे आदर्श प्रमाण सुमारे १३.५ वर येते. २०१४ च्या गाडीचा हिशेब मुळात साध्या पेट्रोलवर बेतलेला असेल, तर तेवढ्याच हवेला तिला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल द्यावे लागणार आणि ट्रिमचा आकडा निरोगी गाडीतही तेवढा वर सरकणार. हा दोष नव्हे. पण त्यामुळे मर्यादेपर्यंतचे अंतर कमी झाले आहे, आणि जो लहानसा दोष पूर्वी दिव्याविना खपून गेला असता तो आता दिवा लावतो. ऊसपट्ट्यात राहून इथेनॉलला नावे ठेवणे जिवावर येते, तरी हिशेब हिशेबाच्या जागी. ॲव्हरेजमधील घटीचा थोडा भाग यातून समजतो. १७ वरून १४ पर्यंतची सगळी घट समजत नाही.

तेव्हा २५०० आरपीएमचा ७ हा पेट्रोलच्या बदलाचा, आणि स्लोवरचे वरचे सोळा टक्के हा आपला खरा दोष, असे मी मानतो.

स्लोवर वाढणारा आणि रेसवर उतरणारा ट्रिम दिसला की सर्वसाधारण उत्तर तयार असते: इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, कुठेतरी हवा खेचली जाते आहे, रबरी पाइप तपासा. परदेशी व्हिडिओंत तर हे उत्तर मंत्रासारखे म्हटले जाते. ते चूक नाही, पण ते ज्या गाड्यांना लागू पडते त्या गाड्यांत एअर फिल्टरनंतरच्या नळीवर येणाऱ्या हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो. त्या सेन्सरच्या पुढे फट पडली की तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही आणि पेट्रोल कमी पडते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत ही रचना नसते. त्यांत मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, बोटभर आकाराचा मॅप सेन्सर बसवलेला असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून संगणक हवेचा अंदाज बांधतो. अशा गाडीत फटीतून हवा शिरली तर दाब वाढतो, सेन्सर ते पाहतो, संगणक त्या मानाने पेट्रोलही वाढवतो, आणि मिश्रण फारसे न बिघडता स्लो मात्र वाढतो. फट एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी, म्हणजे मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो एक सिलिंडर उपाशी राहतो.

आपली गाडी या दुसऱ्या जातीची आहे हे फोटोतील मॅपच्या ओळीवरून दिसते. तिथे स्लोवर ३४ किलोपास्कल लिहिले आहे, जे उत्तम आहे, आणि ७६० आरपीएमचा स्लोही जागेवर आहे. त्यामुळे इनटेकच्या पाइपांवर माझा संशय फारसा जात नाही. या सेन्सरची आणखी एक फुकट परीक्षा सांगून ठेवतो. इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑन करून मॅपचा आकडा पाहावा. तो त्या गावच्या हवेच्या दाबाएवढा आला पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथे तो ९५ च्या आसपास येतो. तीच गाडी करूळ घाट उतरून खाली समुद्रकाठी नेली तर १०० च्या पुढे जातो. इथे कोल्हापुरात १०१ किंवा ८८ दिसू लागले तर सेन्सर खोटे बोलतो आहे.

फ्यूल पंप कमकुवत झाला असेल का, असे आपण विचारले आहे. टाकीतला पंप आणि त्याच्या अंगची जाळी जुन्या गाडीत संशयास्पद असतातच, विशेषतः टाकी कायम पाव भरलेली ठेवणाऱ्यांच्या. पण पंप कमी पडतो तेव्हा तो मागणी जास्त असताना कमी पडतो: चढावर, ओव्हरटेक करताना, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर. तेव्हा ट्रिम चढायला हवा होता. आपला उतरतो. पंपाला तूर्त सोडून द्या. शंका राहिलीच तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर गेज लावून दाब मोजता येतो. बहुतेक अशा गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा.

आता काळ्या प्लगांकडे येतो. पेट्रोल खरोखर कमी पडत असते तर प्लगची टोके पांढुरकी, भाजल्यासारखी निघाली असती. ती काळी निघाली, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त आहे. एकाच गाडीत सेन्सर कमी म्हणतो आणि प्लग जास्त म्हणतो. अशा वेळी मी प्लगचे ऐकतो, कारण प्लग प्रत्यक्ष आगीत बसलेला असतो आणि सेन्सर दोन फूट लांब धुराच्या वाटेवर. ॲव्हरेज उतरलेले असणे हेही प्लगच्याच बाजूने साक्ष देते. मग सेन्सरला ऑक्सिजन कुठून दिसतो? सिलिंडरमधून नव्हे, तर वाटेत बाहेरून शिरलेला.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीला, बारीक तडा गेला असेल, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधले पॅकिंग जळले असेल, फ्लँजचा एखादा बोल्ट ढिला झाला असेल किंवा खुद्द सेन्सरच्या आट्यांशी फट असेल, तर लोकांना वाटते धूर बाहेर येईल एवढेच. प्रत्यक्षात धूर सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. स्लोवर धुराचा प्रवाह मंद असतो, त्यामुळे या हवेचे प्रमाण मोठे ठरते. २५०० आरपीएमला प्रवाह जोरदार होतो आणि तीच फट नगण्य होते. सेन्सरला हवा दिसली की तो ‘कमी’ म्हणतो, संगणक पेट्रोल ओततो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज उतरते, आणि ते जास्तीचे पेट्रोल महिनोन्‌महिने कन्व्हर्टरला छळत राहते. पाच महिन्यांनी दुसरा कोड येऊन मिळतो. आपल्या गाडीची हकीकत याच क्रमाने घडली आहे असा माझा अंदाज आहे, आणि नवीन सेन्सर बसवूनही फरक पडला नाही याचेही हेच स्पष्टीकरण: नवा सेन्सर जुन्याइतकाच प्रामाणिकपणे चुकीची हवा मोजतो आहे.

या निदानाला आव्हान देणारी एक शक्यता आहे, ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नसेल तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजनही थेट सेन्सरवर जातो आणि तोही ‘कमी’ म्हणतो. प्लगला वीज देणारी कॉईल कमजोर झालेली असणे किंवा वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारल्याने प्लगच्या खळग्यात पाणी साठणे, ही आपल्याकडची नेहमीची कारणे. म्हणून चारही प्लग पुन्हा काढून, कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून, एका ओळीत मांडून पाहावेत. चारही सारखे काळे असतील तर माझा अंदाज बळकट होतो. तीन बरे आणि एकच ओला-काळा असेल तर त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून दोष तिच्याबरोबर जातो का पाहावे. तीन काळे आणि एक पांढरा निघाला तर मघाशी म्हटले तसे त्या तोंडाचे इनटेक पॅकिंग किंवा त्याचा इंजेक्टर पाहावा लागेल.

एक्झॉस्टची फट शोधायला महागडे यंत्र लागत नाही. सकाळी, रात्रभर उभी राहिलेली गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगा आणि पहिला मिनिटभर मॅनिफोल्डजवळ कान द्या. फट असेल तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की ती बंद होते. पुष्कळ वेळा लोक ती टॅपेटची (व्हॉल्व्हच्या खटक्यांची) समजून सोडून देतात. त्याच वेळी मदतनीसाने जाड ओले फडके सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद दाबून धरले तर आतला दाब वाढून फटीतून फुसफुस ऐकू येते. जाडे हातमोजे घालावेत, आणि हे काम मोकळ्या जागेत करावे. बंद गॅरेजमधला धूर जीवघेणा असतो. इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा देऊन जोडांवर साबणाचे पाणी फवारले तर बुडबुडे जागा दाखवतात. जोडापाशी काजळीचा काळा किंवा राखाडी ओघळ दिसला, तर एवढीही खटपट नको. मॅनिफोल्डवरचा पत्र्याचा उष्णतारोधक पडदा काढायला मेकॅनिक कंटाळा करतात, आणि तडा नेमका त्याच्याखाली असतो. तो काढायला लावाच.

दिवा पहिल्यांदा लागला त्या सुमारास गाडी एखाद्या उंच गतिरोधकावर किंवा पावसाळ्यातल्या खड्ड्यात खालून आपटली होती का, हेही आठवून पाहा. पुढच्या नळीला बसलेला धक्का मॅनिफोल्डच्या जोडापर्यंत पोहोचतो.

आपण पीयूसीची पावती जोडून ‘गाडी पास झाली, मग पेट्रोल जास्त कसे?’ असे विचारले आहे. बीएस-४ (भारत स्टेज ४ हे धुराचे मानक) पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम अशी मर्यादा आहे. पण ती मोजणी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाला होते. तिथवर येईपर्यंत फटीतून आलेल्या हवेच्या मदतीने कन्व्हर्टरने जास्तीचे बरेचसे जाळलेले असते आणि उरलेले त्या हवेने पातळ केलेले असते. पावतीवरून सिलिंडरमध्ये काय चालले आहे हे ठरवता येत नाही. उलट, आपला कन्व्हर्टर अजून काम करतो आहे याचा मात्र तो थोडासा पुरावा आहे.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी करायची असते, ती मी मुद्दाम इथे घेतो आहे, कारण आपल्या गाडीत तिची शक्यता कमी आहे, तरी जुन्या गाडीला ती कधीच चुकवू नये. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावी. नंतर मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून, हेडलाइट आणि पंखा चालू करून मोजावे, ०.१ व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थिंग घासून घट्ट करावे. मी हा धडा महापुरात शिकलो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या सखल भागात शिरले तेव्हा उभी असलेली एक गाडी दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे आली. पाणी फक्त दारांच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, इंजिन कोरडे होते, गालिचा वाळवून झाला होता. दिवा लागे आणि पाण्याच्या तापमानाचा कोड येई. मी सेन्सर बदलला, दिवा गेला, आठवड्याने परत आला. तेव्हा कुठे मी चालू आकडे उघडून पाहिले, तर पाण्याचा आणि हवेचा असे दोन्ही सेन्सर एकाच क्षणी उणे ४० अंश दाखवत होते. ऑक्टोबरच्या उन्हात, गरम इंजिनावर! उणे ४० म्हणजे सेन्सरची तार तुटली की संगणक जो आकडा गृहीत धरतो तो. दोन सेन्सर एकदम मरत नाहीत. दोघांची सामाईक अर्थची तार पायदानाजवळच्या कपलरमध्ये हिरवी पडून तुटत-जुळत होती. सेन्सरचे पैसे मी मालकांना परत केले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला त्यानंतर अशा गाड्यांचे कपलर मी आधी उघडतो आणि स्कॅनर नंतर लावतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही २०१९ आणि २०२१ मध्ये ती कुठे उभी होती हे विचारलेले बरे. उंदरांबद्दल वेगळे काय लिहावे; कुरतडलेली तार दोन कोड एकदम देते आणि टेप गुंडाळलेली तार दोन महिन्यांनी तिसरा देते. तार डाखून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे हीच खरी दुरुस्ती.

फट सापडून ती बुजल्यावर, म्हणजे पॅकिंग बदलून, फ्लँज सपाट करून, जरूर तर मॅनिफोल्ड बदलून झाल्यावर, कोड एकदा पुसायचा आणि मगच कन्व्हर्टरची परीक्षा घ्यायची. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला नुसते वेल्डिंग मारून घेऊ नका, ते बहुधा शेजारीच पुन्हा तडकते. उद्यमनगरात ओतीव काम जाणणारे जुने कारागीर आहेत, ते आधी तापवून योग्य रॉडने करतात. फटीवर मऊ सिलिकॉनचे सीलंट फासणाऱ्याला तर हात लावू देऊ नका. ते तिथल्या उष्णतेत टिकत नाही आणि त्यातून निघणारे सिलिकॉन नव्या ऑक्सिजन सेन्सरला निकामी करते.

कन्व्हर्टरची परीक्षा अशी. गाडी वीसेक मिनिटे चालवून आणावी, नंतर २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटे धरून स्कॅनरवर दोन्ही सेन्सरच्या रेषा एकत्र पाहाव्यात. आपल्या गाडीतला पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा आणि मागचा ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. मागची रेषा पुढच्याची हुबेहूब नक्कल करत असेल, एक्झॉस्टला कुठेही फट नसेल आणि ट्रिमही ताळ्यावर आलेले असतील, तरच कन्व्हर्टर गेला असे म्हणता येईल. आठ महिने जास्त पेट्रोल खाऊनही अनेक कन्व्हर्टर पुन्हा सावरतात. आपलाही सावरेल अशी मला आशा वाटते, खात्री देत नाही.

आपल्याला कोणीतरी ‘आतली जाळी फोडून काढा, गाडी मोकळी पळेल’ असाही सल्ला दिला आहे. ते करू नका. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो, त्यामुळे काढणाऱ्याला भंगारात तिचे पैसे मिळतात. आपल्या वाट्याला पी ०४२० कायमचा येतो आणि दिवा इतका नेहमीचा होतो की उद्या खरा दोष आला तरी कळणार नाही. धुराच्या बाबतीत शेजाऱ्यांचे काय होते, तो विषय निराळाच.

दुरुस्तीनंतरचा फेरा शहरातल्या सिग्नलांत पूर्ण होत नाही. संगणकाच्या स्वपरीक्षांची यादी स्कॅनरवर वेगळ्या पानावर दिसते आणि त्यांतली कन्व्हर्टरची परीक्षा सहसा स्थिर वेगातच होते. सकाळी थंड गाडी सुरू करून दोन मिनिटे स्लोवर ठेवा, शहरातून तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत या, तिथून महामार्गाने कागलपर्यंत ७० ते ८० च्या स्थिर वेगाने जा, उतार मिळेल तिथे ब्रेक न लावता पाय सोडून गाडी वाहू द्या, आणि परत या. असे दोन-तीन दिवस केल्यावर यादीतल्या ओळी ‘पूर्ण’ दाखवू लागतील. त्या अपूर्ण असताना दिवा विझलेला दिसला, तर त्याचा अर्थ परीक्षा अजून झालेली नाही.

आपण स्वतःचा स्कॅनर घेऊ इच्छिता, तर ब्लूटूथवर चालणारा साधा अडॅप्टर पुरे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर ट्रिम, मॅप आणि सेन्सरच्या रेषा दिसतात. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (दोष टिपणारी गाडीतली स्वपरीक्षा व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे आपल्या गाडीत अडचण येणार नाही. आपल्या भावाच्या २०११ सालच्या गाडीत मात्र तो चालेलच असे नाही. त्या वर्षी बीएस-४ हे पुणे, सोलापूर अशा निवडक १३ शहरांतच लागू होते, कोल्हापूर त्यांत नव्हते. इथे तेव्हा विकल्या गेलेल्या कित्येक बीएस-३ गाड्यांत मागचा सेन्सरच नसतो आणि तशा गाडीत पी ०४२० कधी येणारच नाही. काम झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो हळूहळू बॅटरी पीत राहतो.

गॅरेजमध्ये जाताना ‘दिवा घालवा’ असे सांगू नका. ‘पुढच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट आहे का ते पत्रा काढून दाखवा’ असे सांगा, आणि फट सापडल्याशिवाय कोड पुसू देऊ नका. चार प्लगांचा एका ओळीतला फोटो, थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण आणि दुरुस्तीनंतर स्लोवरचा ट्रिम मला कळवा. तो १० च्या खाली आला आणि तरीही पी ०४२० परतला, तर कन्व्हर्टरविषयी आपण पुन्हा बोलू.